माणसांसकट घर

आमच्या मैंदर्गीत एक म्हण दोन भाषांत चालते. मराठीत 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' आणि कन्नडात 'मने कट्टी नोडु, मदुवे माडी नोडु'. अर्थ एकच. अक्कलकोट तालुक्यातले हे नगरपालिकेचे गाव कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. आमच्या घरात दखनी, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी. घरभाड्याला आम्ही 'किराया' म्हणतो, शेजारी 'बाडिगे' म्हणतात आणि पावतीवर 'भाडे' असे लिहितात. घर बांधणाऱ्यासाठी म्हण आहे. पण माणसे राहत असलेले घर विकत घेणाऱ्यासाठी या तिन्ही भाषांत मला म्हण सापडली नाही. खरे तर अशी घरे गावोगाव विकली जातात. बऱ्याचदा तीच स्वस्त मिळतात.

२००६ साली मी असे एक घर घेतले. सोलापुरात शिक्षकाची नोकरी होती, भाड्याची जागा होती. अब्बा एका गिरणीतून निवृत्त झालेले. गिरणीच्या भोंग्यावर सारे आयुष्य गेले, पण मनाने ते मैंदर्गीतून कधी निघालेच नव्हते. म्हातारपणी त्यांनी एकच गोष्ट मागितली, "मला गावी ठेव." आमच्या वाट्याचे जुने घर चुलत्यांमध्ये वाटून इतके बारीक झाले होते की त्यात एक खाट मावणे कठीण. त्याच गल्लीतले एक माळवदाचे घर विकायला निघाले, तेव्हा अब्बांनी निरोप धाडला.

ज्यांनी सोलापूरकडची माळवदे पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दगड-मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर दांडे आणि फळ्या आणि वर मातीचा जाड थर. उजेडासाठी मधे एक भोक ठेवलेले असते, त्याला सवणे म्हणतात. पावसाळ्याआधी दरवर्षी वर पांढरी माती पसरून दाबावी लागते. उन्हाळ्यात असे घर थंड असते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि अशाच जड मातीच्या छपरांखाली आणि दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली, तेव्हापासून आमच्या भागातली माणसेसुद्धा रात्री वर बघून झोपू लागली.

घराची रचना साधी होती. रस्त्याकडे एक खोली, मधे अंगण, अंगणापलीकडे सोपा आणि स्वयंपाकघर, उजवीकडे दोन खोल्या, मागे रिकामा गोठा. सोपा आणि स्वयंपाकघर मालकांच्या कुलपात. रस्त्याकडच्या खोलीत एक शिंपी बसत, त्यांना सारे गाव मास्तर म्हणे. उजवीकडच्या दोन खोल्यांत अक्का राहत होत्या. लिंगायत समाजातल्या, विधवा, वय साठीच्या पुढे. ज्वारीच्या कडक भाकरी करून विकायच्या. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर त्या घरात आल्या होत्या. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन गेली, अक्का राहिल्या. भाडे महिना ६० रुपये.

मध्यस्थाने भाव सांगितला तोच असा : "रिकामे असते तर चार लाखांचे घर आहे. माणसे आहेत म्हणून अडीचला मिळतेय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "घ्या. बाईमाणूस आहे, एकटी आहे. निघेल."

दादी तेव्हा हयात होती. तिला मी हा हिशेब सांगितला. ती सुपारी कातरत होती. अडकित्ता न थांबवता तिने विचारले, "तू घर ले रा क्या लोगां ले रा रे?"

तो प्रश्न पुढे वर्षानुवर्षे माझ्याबरोबर राहिला. चार लाख आणि अडीच लाख यांत दीड लाखाचा फरक. हा दीड लाख कुणाचा? विकणाऱ्याला तो मिळाला नाही. घेणाऱ्याला तो वाचला. पण तो निर्माण झाला कशामुळे? तर अक्का आणि मास्तर तिथे राहत होते म्हणून. ज्यांच्या असण्यामुळे घराची किंमत ठरली, त्यांचे नाव खरेदीखतात कुठेच येत नाही. मध्यस्थाचे सांगणे सरळ होते : किंमत त्यांच्यासकट द्या, घर त्यांच्याशिवाय घ्या. मधला फरक हाच तुमचा नफा. घरांच्या धंद्यात याला हुशारी म्हणतात.

मी अक्कलकोटला एका वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा नगरपालिकेचा घरपट्टीचा उतारा मागितला. त्यात मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो, म्हणजे प्रत्यक्षात राहतो कोण, वापरतो कोण. लोक मालकाचा रकाना वाचतात आणि उतारा घडी करून ठेवतात. आमच्या उताऱ्यात त्या रकान्यात अक्कांच्या मृत नवऱ्याचे नाव होते. मास्तरांचे नव्हतेच.

वकिलांनी समजावले ते थोडक्यात असे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घर विकले म्हणून भाडेकरार तुटत नाही. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी उभा राहतो; त्याचे हक्क घेतो, तशीच जबाबदारीही घेतो. भाडेकरूची संमती लागत नाही आणि त्याने नवा करार करण्याचीही गरज नसते. त्यावर पुन्हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला. तो परिशिष्टात दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो. "नगरपालिकेचे गाव आहे, लागू आहे असे धरूनच पाऊल टाका," ते म्हणाले. भाडेकरू ठरलेले भाडे आणि कायद्याने मान्य असलेली वाढ देत असेल, देण्यास तयार असेल, तर त्याला उगाच काढता येत नाही. वाढ वर्षाला ४ टक्के. मी तिथेच हिशेब केला. ६० रुपयांवर २ रुपये ४० पैसे. वकील हसले, मीही हसलो.

मग त्यांनी माझ्या कामाचे सांगितले. मालकाला स्वतःला राहण्यासाठी खरोखर जागा हवी असेल तर कोर्टात मागता येते. पण कोर्ट दोन्ही पारडी पाहते. जागा दिल्याने भाडेकरूचे हाल जास्त होतील की न दिल्याने मालकाचे, त्या दोघांना दुसरीकडे सोय आहे का, हे पाहून निकाल देते. आणि घराचा एक भाग दिल्याने दोघांचेही हाल होणार नसतील, तर तेवढ्याच भागापुरता हुकूम करते. जागा मिळाली तर महिन्याच्या आत मालकाने तिथे राहायला जायला हवे. दुसऱ्याला भाड्याने देऊन टाकली, तर जुना भाडेकरू परत मागू शकतो.

"तुमचे वडील ऐंशीचे, ती बाई पासष्टची. दावा दहा वर्षे चालला तर काय करणार?" वकिलांनी विचारले. फी मिळवण्याऐवजी ती टाळण्याचा सल्ला देणारे वकील अजून आहेत, हे नोंदवून ठेवतो.

हा कायदा आला कुठून, हेही त्यांनीच सांगितले. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि १९१८ साली भाड्यावर बंधने आली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले गेले. कायदा तात्पुरता होता, पण त्याला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत गेली. फाळणीनंतरच्या काळात, गिरण्यांच्या गर्दीत, त्याने लाखो गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर वाचवले. आणि त्याच कायद्यामुळे पन्नास वर्षांनी मालकाच्या हातात चहाच्या खर्चाइतके भाडे उरले. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की भाडे असे कायमचे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात मालकावर अन्याय करणारे झाले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भाडेकरू म्हणजे गरीब आणि मालक म्हणजे सावकार, हे चित्र सिनेमात शोभते. आमच्या गावच्या घराचे मालक दोन भाऊ आणि दोन बहिणी होते. एक भाऊ पुण्यात रिक्षा चालवत होता.

गावच्या मौलवीसाहेबांशीही बोललो. फतवा मागायला गेलो नव्हतो. त्यांच्याकडे जुनी पुस्तके आहेत आणि बोलायला वेळ असतो. हनफी फिक्हातही भाड्याने दिलेले घर विकले तर त्या विक्रीने भाडेकरूचा हक्क तुटत नाही. घेणाऱ्याने मुदत संपेपर्यंत थांबावे, नाही तर व्यवहार सोडावा. इंग्रजांच्या १८८२ च्या कायद्याशी हे किती जुळते! फरक एवढाच की फिक्हात मुदत ठरलेली असते आणि रेंट ॲक्टने मुदतच काढून टाकली. मौलवीसाहेबांनी हा फरक लपवला नाही. मग त्यांनी बुखारीतला अबू राफे यांचा किस्सा सांगितला. साद बिन अबी वक्कास यांच्या घराच्या आवारात अबू राफे यांच्या दोन खोल्या होत्या. त्यांना बाहेरून पाचशे दीनारांची मागणी आली होती. तरी त्यांनी त्या साद यांना चार हजार दिरहमला, तेही हप्त्याने दिल्या. कारण जवळ असणाऱ्याचा हक्क जवळ असण्यामुळेच जास्त होतो, हे त्यांनी पैगंबरांकडून ऐकले होते. यावरून पुढे शेजाऱ्याचा अग्रहक्क, शुफा, निघाला. तो मालक असलेल्या शेजाऱ्याला मिळतो, भाडेकरूला नाही. कायदा म्हणून तो अक्कांना लागू होत नव्हता. पण किश्शाचा अर्थ कायद्याच्या ओळीपाशी थांबत नाही.

मी विकणाऱ्यांना एकच अट घातली. बोलणी भाडेकरूंसमोर होतील. मध्यस्थाला हे अजिबात पटले नाही. "कुळासमोर सौदा? भाव फुटतो," म्हणाला. तरी एका जुम्याला नमाजनंतर त्याच अंगणात बैठक झाली. पुण्याचा भाऊ आला, सोलापूरचा आला, बहिणी कलबुर्गीहून, तेव्हाच्या गुलबर्ग्याहून आल्या. बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायचे भावांच्या मनात होते. अब्बा म्हणाले, दोन भाऊ दोन बहिणी म्हणजे सहा हिस्से, त्यांतले दोन बहिणींचे; त्याही विकणाऱ्या म्हणून सही करतील आणि आपला पैसा आपल्या हाताने घेतील. तसेच झाले.

मग मास्तर बोलले. १९९८ साली त्यांनी भाऊंच्या वडिलांना दहा हजार रुपये अनामत दिली होती. कागद नाही. मोठा भाऊ आधी गप्प राहिला. समोर सारी गल्ली बसलेली. थोड्या वेळाने म्हणाला, "अब्बांनी मरताना सांगितले होते." ते दहा हजार किमतीतून वजा झाले आणि मास्तरांचे देणे माझ्या नावावर आले. बंद खोलीत सौदा झाला असता तर हे दहा हजार बुडाले असते, आणि पुढची दहा वर्षे मास्तर मला लुटारू म्हणत राहिले असते. तेही रास्तच ठरले असते.

अक्का मात्र बैठकीत आल्या नाहीत. दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी कन्नडात एवढेच विचारले, "पावती कोण देणार?"

कुणाला काही कळले नाही. मग उलगडा झाला. जुने मालक वारल्यापासून त्यांना भाड्याची पावती मिळाली नव्हती. दर महिन्याला कुणीतरी पुतण्या येऊन पैसे घेऊन जाई. पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, हे अक्कांना ठाऊक नव्हते. पण पावती नाही म्हणजे उद्या कुणीही आपल्याला 'तुम्ही कोण?' असे विचारू शकतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अक्कांना जागेची भीती नव्हती. पुराव्याशिवाय राहण्याची भीती होती. रेशन कार्डापासून मतदार यादीपर्यंत आपले असणे कागदावर सिद्ध करत राहण्याची सवय आम्हालाही आहे. म्हणून ती भीती मला लगेच ओळखता आली.

सोलापूरला परतण्याआधी मी अक्कलकोटच्या बाजारातून पावतीपुस्तक आणले. खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदले गेले, त्यात 'भाडेकरूंच्या कब्जासह' असे स्पष्ट लिहून घेतले. पहिली पावती अब्बांनी स्वतःच्या हाताने लिहिली. अक्कांनी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

प्रश्न अजून उभाच होता. अब्बांना जिना चढवत नव्हता, सोपा अंधारा आणि थंड होता, आणि ज्या दोन खोल्यांत सकाळचे ऊन येते त्या अक्कांच्या. गल्लीत दोन प्रकारचे सल्लागार तयार झाले. एक म्हणत, मुसलमानाने घर घेतले, आता अक्काचे कसे होणार? दुसरे आमच्यातलेच, म्हणत, घर तुमचे, मग कोनाड्यात त्यांचा देव कसा? या दोन्ही सल्लागारांना अक्का म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. माझ्या मुलाला पुण्यात शिकायला ठेवताना आम्ही सात घरे पाहिली होती. फोनवर रिकामी असलेली खोली नाव सांगितल्यावर 'आत्ताच गेली' असे व्हायचे. दारातून परत फिरणे काय असते हे ज्याला माहीत आहे, त्याच्या हाती दाराची किल्ली आली तर त्याने काय करावे? मला तरी याचे उत्तर फिरवून देता येत नाही.

वकिलांनी सांगितलेली ती अर्ध्या घराची गोष्ट मला आठवली. कोर्ट दहा वर्षांनी जे करू शकते ते आपण दहा दिवसांत का करू नये? मी गोठा पाडला नाही, दुरुस्त केला. शहाबादी फरशी घातली, पूर्वेला खिडकी काढली, संडास बांधला, छपराला पत्रे टाकले. अब्बा गोठ्यात राहायला गेले. गावात थोडा विनोद झाला. अब्बा म्हणत, "बैलं गेले, मय आया." अक्कांनी आपणहून एक गोष्ट दिली. अंगणातली त्यांची चूल त्यांनी भिंतीकडे सरकवली, म्हणजे धूर अब्बांच्या खिडकीकडे जाणार नाही. पहाटे चारला त्या भाकरी थापायला बसत. थोड्या वेळाने अब्बा फजरला उठत. त्यांच्यात फार गप्पा झाल्या असे नाही. एक कन्नड बोले, दुसरा दखनी. दोघांनाही दोन्ही कळत. अब्बा २०११ साली गेले, तेव्हा गल्लीत दोन दिवस कुणाच्या घरी चूल पेटली नाही असे म्हणतात. ते खरे नाही. अक्कांची पेटली होती. आमच्याकडे आलेल्या माणसांना भाकरी तिथूनच आली.

हे सारे गोड वाटेल, म्हणून खर्चाची बाजूही सांगतो. घरात भाडेकरू असले तरी दुरुस्ती मालकाचीच असते. २००८ च्या उन्हाळ्यात अक्कांच्या खोल्यांवरच्या दोन तुळया बदलल्या, पांढरी माती चढवली. त्यात वीस वर्षांचे भाडे गेले. वर्षाचे ७२० रुपये, वीस वर्षांचे १४ हजार ४००. मी पगारदार होतो म्हणून जमले. ज्याचे पोट त्या भाड्यावर असते तो मालक काय करेल? तो दुरुस्ती करत नाही. घर पडण्याची वाट पाहतो. आणि भाडेकरू, एकदा बाहेर पडलो तर परत आत येऊ की नाही या भीतीने, पडक्या घरातून हलत नाही.

मैंदर्गीत हे एका घरापुरते असते, मुंबईत मोहल्ल्याच्या मोहल्ल्यांचे असते. माझे एक मामू डोंगरीत पागडीच्या खोलीत राहत. पागडी म्हणजे मालकीच्या निम्म्या-अधिक किमतीला घेतलेले भाडेकरूपण. खोली दुसऱ्याला द्यायची झाली तर मालकाला हिस्सा द्यावा लागतो. इतकी वर्षे चोरून चाललेला हा व्यवहार १९९९ च्या कायद्याने उजळ केला. अशाच जुन्या इमारतींच्या भेंडीबाजारात २००९ साली सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट पुढे आला. साडेसोळा एकरांतल्या सुमारे २५० इमारती आणि सुमारे ३,२०० कुटुंबे असा तो पसारा. ट्रस्टने इमारती माणसांसकट घेतल्या, माणसांना संक्रमण घरांत हलवायचे आणि नव्या इमारतीत मालकीचे घर द्यायचे, अशी योजना केली. एकेका भाडेकरूची संमती मिळवत नेणे हे किती वर्षांचे काम असते ते तिथे दिसले. आणि उशीर काय करतो तेही दिसले : ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी त्याच भागातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसे गेली. त्या दिवशी मामूंनी फोनवर विचारले, "तुझे माळवद ठीक आहे ना?"

या योजनेत मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. जागा मोकळी झाल्यावर तिची किंमत जी वाढते, त्यातला वाटा भाडेकरूला मालकीच्या रूपाने मिळतो. माझा दीड लाखाचा प्रश्न इथे मोठ्या आकड्यांत भेटला.

त्याची माझ्यापुरती परीक्षा २०१५ साली झाली. अक्का थंडीत गेल्या. त्यांच्यातही दफन करतात. मातीला आमची गल्ली गेली. मुलीचा मुलगा तीन वर्षांपासून अक्कांजवळ राहून अक्कलकोटला कॉलेजात जात होता. मास्तरांनी तोवर स्वतःचे दुकान घेतले होते, अनामत घेऊन ते २०१० लाच गेले होते. म्हणजे घर रिकामे व्हायला एक एकोणीस वर्षांचा पोरगा उरला होता. जुना मध्यस्थ पुन्हा आला. "दिवस झाले की कुलूप लावा. पोराला काय कळते?" कायद्याने मात्र भाडेकरू मेल्यावर त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. नातू त्यात बसतो का, यावर वकील भांडू शकले असते. मी पुढच्या महिन्याची पावती त्याच्या नावाने फाडली.

तो दोन वर्षे राहिला. पदवी झाली, पुण्यात नोकरी लागली. किल्ली द्यायला सोलापूरला आला तेव्हा बोलताना अडखळत होता. शेवटी म्हणाला, "सर, मामा म्हणतात की खोली सोडायचे पैसे मागायला पाहिजेत." लाजेने त्याने मान खाली घातली होती. मी म्हणालो, मामा बरोबर म्हणतात. ज्या घरात त्याच्या आजीने चाळीस वर्षे काढली, त्या वर्षांमुळेच ते मला अडीच लाखाला मिळाले होते. तो निघून गेल्यावर ते घर पुन्हा पुऱ्या किमतीचे होणार होते. त्या फरकातले काहीच त्याचे नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? मी ५० हजार दिले. रक्कम बरोबर होती की कमी, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. बायको म्हणते जास्त झाले, मुलगा म्हणतो कमी. पण ते देणे होते, खैरात नव्हती, यावर तिघांचेही एकमत आहे. जकातीच्या हिशेबात मी ते धरले नाही.

आता त्या दोन खोल्यांत एक तरुण शिक्षक दांपत्य राहते, बीडकडचे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा नोंदवलेला करार आहे, मुदत संपली की नवा. नव्या कायद्याचे हे नवे माणूस. त्याला भाडेकरूचे जुने हक्क नाहीत. त्याला ते ठाऊक आहे, म्हणून तो भिंतीत खिळा ठोकण्याआधी विचारतो. अक्कांनी कधी विचारले नव्हते. या दोन्हींच्या मधे कुठेतरी माणसाला निर्धास्त झोपता येईल आणि मालकालाही छप्पर शाकारता येईल, अशी जागा असली पाहिजे. कायदा ती अजून शोधतो आहे.

माझेही वय झाले. मुलगा पुण्यातच राहणार, हे उघड आहे. मैंदर्गीचे घर आज ना उद्या विकले जाईल, आणि बहुधा तेव्हाही आत कुणीतरी राहत असेल. मुलाला मी लिहून ठेवले आहे : भाव कमी-जास्त झाला तरी चालेल, बोलणी अंगणात कर, आणि घेणाऱ्याला उतारा दाखवताना आधी भोगवटादाराचा रकाना वाचून दाखव.